कुंडलिकचा राहिलेला सलाम

सोलापुरात गिरणीच्या वाटेवर कुंडलिक हवालदाराला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता, आणि त्याला हसताना पाहिलंय असाही सापडला नसता. तसा तो दुष्ट नव्हता. फाटकावर उभा राहायचा, उशिरा येणाऱ्या कामगाराला दोन शिव्या हासडून आत सोडायचा आणि मॅनेजरसाहेबाची मोटार आली की टाचा जुळवून असा कडक सलाम ठोकायचा की ड्रायव्हरसुद्धा सावरून बसायचा. पण त्याचं एक खूळ सगळ्या गिरणीला ठाऊक होतं. साहेबानं सलाम घेतला नाही, म्हणजे हॅट जराशी वर उचलली नाही, तर कुंडलिक हात खाली आणत नसे. मोटार आत जाई, साहेब जिना चढे, आणि हा आपला तिथंच, कपाळाशी हात लावून खांबासारखा उभा. एकदा एका नव्या साहेबाला हे कळेना. कामगार दारात तुंबले. शेवटी कुणीतरी वर जाऊन सांगितलं, तेव्हा साहेबानं खिडकीतून हॅट हलवली आणि फाटक मोकळं झालं. लोक पोट धरून हसले.

"सलाम म्हंजी काय भीक हाय व्हय?" कुंडलिक म्हणाला. "दिला की घ्यायचा आसतो."

पलटणीत त्याला हेच शिकवलं होतं. वरचा उत्तर देत नाही तोवर खालच्यानं हात सोडायचा नाही. पण पलटणीत शिकलेल्या शंभर गोष्टी माणूस घरी येऊन विसरतो. हीच एक त्याच्या हाडात का रुतली, ते कळायला जेऊरला जावं लागतं.

जेऊर त्याचं गाव. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत सोलापूरचे वेणीमाधवराव वकील गावोगाव फिरून भरतीची भाषणं करत होते. सरकारला माणसं दिली की स्वराज्य पदरात पडेल असं त्या वेळी भल्याभल्यांना वाटत होतं, आणि वकिलांनाही ते मनापासून वाटत असणार. पण मनापासून बोलणारा माणूस जास्त घातकी असतो, कारण त्याचं ऐकलं जातं. जेऊरच्या बाजारादिवशी त्यांनी चावडीपुढं खुर्ची मागवली. ऐकणाऱ्यांत कुंडलिकचा धाकटा भाऊ आप्पा तोंड उघडं टाकून उभा होता. मिसरूडही फुटलं नव्हतं. वकिलांनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर चढवलं, आपल्या हातानं त्याला फेटा बांधला आणि म्हणाले, "हा पाहा जेऊरचा शिपाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनी पोरगं जे फुगलं ते फुगलंच. धाकट्याला एकटं कसं सोडायचं म्हणून मग कुंडलिकनंही नाव दिलं.

त्यांची आई सोनाबाई बाजारातून धावत आली आणि भर गर्दीत तिनं वकिलांचा अंगरखा धरला. "माजी दोनी पोरं नेतायसा? दोनी?"

वकील गडबडले नाहीत. "आई," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गोऱ्या लोकांत ज्याला मान द्यायचा त्याच्यापुढं डोक्यावरची हॅट काढतात. तुमची मुलं परत येतील त्या दिवशी मी स्वतः स्टेशनवर उभा राहीन. ती मला सलाम करतील आणि मी त्यांच्यापुढं ही पगडी उतरवीन."

लोक एकमेकांकडं बघू लागले. आपल्याकडं पुरुषाचं डोकं चारचौघांत उघडं होतं ते तिरडीमागं चालताना. अंगावर धोतर नसलं तरी एक वेळ चालेल, डोईवर काहीतरी हवं. एवढा मोठा वकील शेतकऱ्याच्या पोरांपुढं पगडी काढणार म्हणतोय म्हटल्यावर सोनाबाईची मूठ आपोआप सुटली.

आप्पा बसऱ्याच्या छावणीत पटकीच्या साथीत गेला. गोळी लागली नाही, लढाईसुद्धा बघितली नाही. मरताना त्यानं पाणी मागितलं आणि डॉक्टरच्या हुकमानं ते कुंडलिकला देता आलं नाही. याबद्दल तो जन्मभर कुणाशी बोलला नाही.

तो परत आला तेव्हा वारं फिरलं होतं. असहकाराचे दिवस होते. गाडी जेऊरला थांबली आणि फलाटावरची गर्दी, हार, घोषणा बघून कुंडलिक घाईनं खाली उतरला. त्याला वाटलं, वकील शब्दाला जागले. वकील होतेही. त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यातून ते सोलापूरला चालले होते, गर्दी त्यांच्यासाठी जमली होती, अंगावर पांढरी खादी आणि डोक्यावर पांढरी टोपी होती. कुंडलिक खाकी कपड्यांत त्यांच्या डब्याच्या दारासमोर जाऊन उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि हात वर नेला.

वकिलांनी त्याला बघितलं. नुसतं बघितलं नाही, ओळखलं. डोळ्यांत ओळख येते आणि मग मागं सरकते, ते कुंडलिकनं स्पष्ट पाहिलं. मग वकील शेजारच्या माणसाकडं वळून काहीतरी बोलू लागले. सरकारी खाकीला तेव्हा तोंड दाखवणंही कमीपणाचं होतं, ही त्यांची बाजू. ती खरीच होती. पण ती खाकी त्याच्या अंगावर चढवली कुणी?

कुंडलिकचा हात वरच राहिला. गर्दीतला एक टवाळ म्हणाला, "खुंटी बरी हाय की," आणि त्यानं आपली रिकामी पिशवी त्या हाताच्या कोपराला अडकवली. फलाट हसला. गाडी सुटली, तरी वकिलांनी मान वळवली नाही. आणि हे सगळं सोनाबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती, कारण एक पोरगं गेलं ते गेलं, दुसऱ्यापुढं पगडी उतरते ती बघायला ती आली होती.

पुढं आप्पाचं पदक टपालानं आलं. कडेवर त्याचं नाव कोरलेलं होतं. सोनाबाईनं ते दोरीत ओवून म्हशीच्या गळ्यात बांधलं. "ही दूद तरी देती," म्हणाली. गावात यावर बोंबाबोंब झाली, पाटलानं माणूस पाठवला, पण पदक म्हशीच्या गळ्यातच राहिलं. ती बाई अशी होती. कुंडलिकची बायको गोदावरी घरात आली तेव्हा तिला पहिल्यांदा हे म्हशीचं भूषण दिसलं आणि आपण कुठल्या घरात पडलो ते तिला समजलं.

जमिनीत भागेना म्हणून घर सोलापूरला आलं आणि कुंडलिक गिरणीच्या फाटकावर लागला. वकील त्याच शहरात राहत. सणासुदीला, सभेला, रस्त्यात ते दिसत, आणि ते दिसल्याचं कुंडलिकनं घरी सांगितलं की सोनाबाई विचारी, "घेतला का सलाम?" तो नाही म्हणे. त्या दिवशी भाकरी जोरात थापली जाई. कुंडलिकनं पुन्हा सलाम केलेलाच नव्हता. भलत्या जागी करून तो वाया घालवायचा नव्हता त्याला. दहा माणसांत झालेला अपमान हजार माणसांत फेडायचा, त्याशिवाय नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. गोदावरी म्हणे, "सोडा की आता. त्यो माणूस इसरलाबी आसंल."

"म्हनून तर," कुंडलिक म्हणे.

मधे तीस सालचा उन्हाळा आला. शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि गोरे सोजीर चौकाचौकात लोकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्या काढायला लावू लागले. कुंडलिक कामावरून परतत होता तेव्हा बाजारात त्यानं वकिलांना भिंतीशी उभं केलेलं पाहिलं. सोजिरानं टोपीकडं बोट दाखवलं. वकिलांनी मान हलवली, नाही. सोजिरानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या गालावर हाणला. वकील खाली बसले, रक्त गळ्यापर्यंत आलं, पण दोन्ही हातांनी त्यांनी टोपी डोक्यावर दाबून धरली होती. शेवटी टोपीसकट त्यांना गाडीत घातलं.

कुंडलिकला त्यांचा अभिमान वाटला. वाटला, खोटं कशाला बोला. पण रागाचा एक कणही कमी झाला नाही. उलट आता त्याला नेमकं कळलं की या माणसाच्या लेखी सगळ्यात महाग वस्तू कोणती. वकील तुरुंगातून गालावर व्रण घेऊन सुटले, शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि कुंडलिक वाट बघत राहिला.

सदतीस साली निवडणुका झाल्या. वेणीमाधवराव मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले, नव्या सरकारात त्यांना पद मिळालं आणि श्रावणात ते पहिल्यांदा सोलापूरला येणार असं ठरलं. मैदानावर सत्कार, आणि आधी स्वयंसेवकांची मानवंदना. आता आपले लोक सरकार झाले, तर सलामी नको का? पण गिरणीतली, मागावरची पोरं. त्यांना डावा-उजवा पाय शिकवणार कोण? सत्कार समितीचे चिटणीस होते रुद्रप्पा, बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी. ते कुंडलिककडं आले.

"हवालदार, पोरं तुमच्या ताब्यात. पर एक इचार पडलाय बघा. सलामी दिल्यावर साहेबांनी काय करायचं? कलेक्टर हॅट काढतो. पोलीस साहेब हात लावतो. आमच्या साहेबांनी काय करायचं की?"

हा प्रश्न सगळ्या समितीला छळत होता. सलामी देणारे शिकून तयार होतील, पण घेणाऱ्याला कुणी शिकवायचं? आपल्या माणसांना आजवर सलाम करायचेच ठाऊक, घ्यायची वेळ कधी आली होती? शेवटी वकिलांनीच मुंबईहून निरोप पाठवला. माझ्या अंगावर वर्दी नाही, तेव्हा शिपायासारखा हात लावणं मला शोभणार नाही. हॅट मी घालत नाही. मी उभा राहून नमस्कार करीन, हीच आपली रीत. निरोप अगदी बरोबर होता. कुंडलिकलाही त्यात खोट काढता आली नाही.

"ठरलं तर," तो रुद्रप्पांना म्हणाला. आणि पोरांना कवायत शिकवताना त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली. "माजा हात वर, तुमचे वर. माजा खाली, तुमचे खाली. आबाळ कोसळलं तरी माज्या आदी कुनाचा हात हलला, तर त्यो हात मी मोडीन." पहिल्या रांगेतला नरसय्या, पद्मशाली विणकरांचा उंच पोरगा, म्हणाला, "उस्ताद, तुमचा हात खाली आलाच न्हाय तर?"

"तर न्हाय आला," कुंडलिक म्हणाला.

सत्काराच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. ढग होते पण ऊन मधूनमधून चटका देत होतं. फेटे, पटके, रुमाल, काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, नजर पोचेल तिथवर डोकीच डोकी. वकील मोटारीतून उतरले. टोपीखालून दिसणारे केस पिकले होते, गालावरचा व्रण लांबून दिसत होता. हार पडले, बँड वाजला, आणि कुंडलिकनं आरोळी दिली. सगळ्या रांगांचे हात एकदम टोपीला गेले. लोकांच्या अंगावर काटा आला. आपल्या माणसाला आपल्या पोरांनी दिलेली सलामी सोलापुरानं कधी बघितली नव्हती.

वकिलांनी ठरल्याप्रमाणं हात जोडले. कुंडलिक तसाच. त्यांनी पुन्हा हात जोडले, जरा वाकून. कुंडलिकचा हात कपाळाशी, नजर समोर. बँड संपला. बँडवाल्यांना काही सुचेना म्हणून त्यांनी तीच चाल पुन्हा सुरू केली, तीही संपली. गर्दीत कुजबूज सुरू झाली. पोरांचे कोपर थरथरू लागले, पण एकाचाही हात खाली आला नाही. रुद्रप्पा घामाघूम होऊन पुढं आले.

"हवालदार, हात खाली घ्या की. नमस्कार झाला."

"त्यो ह्या पोरांचा झाला," कुंडलिक ओठ न हलवता म्हणाला. "माजा जेऊरचा राह्यलाय."

रुद्रप्पांना ओ की ठो कळलं नाही. वकिलांना कळलं. ते दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी कुंडलिकच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"कुंडलिक?"

"व्हय."

"लोक बघताहेत, अरे."

"तवाबी बगत हुते."

वकिलांचा गाल लाल झाला, व्रण पांढरा पडला. "तुला माफी हवी असेल तर मी भाषणात मागतो. सगळ्यांपुढं मागतो."

"भाषान नगं. तुमची भाषनं आमी ऐकलीती. गावात आईपुढं काय बोल्ला हुता?"

वकील आणखी एक पाऊल पुढं आले. मग हळूच म्हणाले, "पगडीचं बोललो होतो. ती पगडी मी कधीच टाकून दिली. ही टोपी वेगळी आहे. ही मी गोऱ्यापुढंसुद्धा उतरवली नाही."

"ठावं हाय. मी तितं हुतो."

"आणि ती तुझ्यापुढं उतरवू?"

"माज्यापुढं नगंच," कुंडलिक म्हणाला. "आप्पापुढं उतरवा."

"आप्पा कोण?"

वकिलांनी हे मुद्दाम विचारलं नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. कुंडलिकच्या अंगाची लाही लाही झाली. त्या क्षणी त्याला हात खाली आणून या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि हात खाली आणायचा नव्हता म्हणूनच तो गळा वाचला. हात कपाळाशी ठेवूनच तो बोलला.

"खुर्चीवर चढवला हुता तुमी त्याला. फेटा बांदला हुता. मिसरूड नव्हतं त्याला. पानी पानी करत गेला बसऱ्याला."

वकिलांच्या तोंडावरचा रंग उडाला. आता आठवलं होतं, आणि नुसतं आठवलं नव्हतं, सगळं दिसलं होतं. ते मागं वळून मोटारीत बसू शकले असते. समितीची माणसं धावत येत होती, त्यांनी कुंडलिकला उचलून बाजूला केलं असतं. वकिलांनी हातानं त्यांना थोपवलं. मग तोच हात वर नेला आणि डोक्यावरची टोपी काढली.

टोपी छातीशी धरून ते उघड्या डोक्यानं उभे राहिले. टक्कल उन्हात चमकलं.

पुढं जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. मागच्या लोकांना बोलणं ऐकू गेलं नव्हतं, त्यांना एवढंच दिसलं की साहेबांनी डोकं उघडं केलं. आपल्याकडं त्याचा अर्थ एकच. "कोन गेलं रं?" एकानं विचारलं. "कुणी मोठा माणूस गेला वाटतं. तार आली आसंल," दुसऱ्यानं सांगितलं. पुढच्यानं टोपी काढली, त्याच्या मागच्यानं रुमाल सोडला, आणि बघता बघता अख्ख्या मैदानानं फेटे, पटके, टोप्या उतरवल्या. कुणासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं. रुद्रप्पांनीही आपला जरीचा रुमाल काढून काखेत धरला आणि शेजाऱ्याला डोळ्यांनीच विचारलं, कोण?

सगळं सोलापूर जेऊरच्या एका शेतकऱ्याच्या पोरासाठी बोडकं उभं होतं.

कुंडलिकनं ते डोळे भरून बघितलं. ढेकूळ पाण्यात विरघळावं तसं त्याच्या छातीतलं काहीतरी सुटत गेलं. त्यानं हात खाली आणला. एका दमात सगळे हात खाली आले, आणि नरसय्यानं मोठ्यानं श्वास सोडला.

वकिलांनी टोपी घातली. भाषण केलं, पण नेहमीसारखं रंगलं नाही. कोण गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि लोक संध्याकाळपर्यंत एकमेकांना विचारत राहिले.

कुंडलिक घरी निघाला तो तरंगतच. सूड कडू असतो, तो घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो, असं शहाणे लोक सांगतात. त्यांनी बहुधा कधी घेतलेला नसतो. कुंडलिकला तो गुळासारखा गोड लागला. वाटेत त्यानं पेढे घेतले. गिरणीवाले भेटले, त्यांच्याकडं बघून तो चक्क हसला आणि ते घाबरले.

सोनाबाई उंबऱ्यापाशी बसली होती. आता तिला नीट दिसत नव्हतं, पण पाऊल ओळखू आलं. गोदावरी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याचं तोंड बघून तिथंच थांबली.

"घेतला का सलाम?" म्हातारीनं विचारलं.

"घेतला, आये!" कुंडलिक तिच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं पेढा तिच्या तळहातावर ठेवला. "टोपी काडली त्यानं. सोजिरापुढं काडली न्हाय ती काडली. आप्पाचं नाव आयकून काडली. अन् त्याच्या मागं समदं गाव बोडकं झालं, आये. समदं सोलापूर."

सोनाबाई पेढा हातात घेऊन ऐकत होती. तो बोलायचा थांबला तरी ती ऐकतच राहिली, जणू अजून काहीतरी सांगायचं राहिलंय.

"रडला का त्यो?" तिनं विचारलं.

कुंडलिकनं आठवून बघितलं. "न्हाय. रडला न्हाय."

म्हातारीनं पेढा त्याच्या हातात परत ठेवला.

"मग हात खाली कशाला आनलास?"